तक्ता तोंडपाठ

ती. ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला आणि त्यावरून त्यांना बसणारी तुझी बोलणी, दोन्ही कमी झाली असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. (सगळे म्हणजे तुझी भावजय आणि शिलाई मशीन. माझं खाली सांगतो.)

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे हे तुला ठाऊकच आहे. तू फोनवर बजावलं होतंस की पाटी बघून आत शिरू नकोस, चार ठिकाणी विचार, मग डोळा दे. जन्मभर मास्तरीण होतीस, तुझी आज्ञा कोण मोडणार? शिवाय खरं सांगू, मला भीती वाटते. शिंप्याचा डोळा गेला की त्याच्या कात्रीला कुत्रं विचारत नाही. म्हणून निघालो. पहिलं हॉस्पिटल इतकं चकाचक की चपला बाहेर काढाव्यात की स्वतःच बाहेर राहावं ते कळेना. काउंटरवरच्या मुलीने डोळा कोणता हे विचारण्याआधी भिंग कोणतं घेणार ते विचारलं, वर आजच नाव नोंदवलं तर सूट! ताई, माप न घेता कापड कापणारा शिंपी मी एकच पाहिला, आणि त्याच्या दुकानात आता वाणी बसतो. दुसरीकडे दारावर एका बड्या डॉक्टरांचा हा एवढा फोटो. ऑपरेशन हेच करणार का म्हणून विचारलं, तर म्हणे टीम करते. टीमला भेटतो म्हटलं, तर टीम जेवायला गेली होती. तिसरीकडचे डॉक्टर स्वभावाने भले, पण खोलीतल्या पडद्याची शिवण हातभर उसवलेली. मी उठलो. (हसू नकोस. ज्याला शिवण दिसत नाही त्याच्या हाती डोळा देऊ?)

मात्र एक गोष्ट सगळीकडे सारखी. आधी तास-तास बसवून ठेवतात, आणि समोर अक्षरांचा तोच तक्ता. वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत होत मुंग्या. उजवा डोळा अजून बरा आहे, त्याने बसल्या बसल्या वाचत राहायचो. करणार काय?

अखेर मनासारखा दवाखाना मिळाला. दोनच खोल्या, पण डॉक्टरीणबाई स्वतः तपासतात, स्वतःच ऑपरेशन करतात. साखर विचारली, भिंगांतला फरक समजावला, घाई नाही म्हणाल्या. मी मनात म्हटलं, देवा, हीच ती. मग त्यांनी माझा उजवा डोळा झाकला आणि तक्ता वाचायला सांगितला. मला समोर नुसतं धुकं दिसत होतं, पण तोंड सुरू झालं ते थांबेचना. पार मुंग्यांपर्यंत घडाघडा! शाळेत ज्याला एक कविता धड पाठ झाली नाही, त्याने हे पाठ करावं! बाई थक्क झाल्या. भिंग गढूळ दिसतंय, पण नजर अजून छान आहे म्हणाल्या, इतक्यात ऑपरेशन नको, सहा महिन्यांनी या. वर शाबासकीही दिली. जन्मात पहिल्यांदा परीक्षेत पहिला आलो ताई, मग खरं बोलायला जीभच उचलेना. तुझ्या भावजयीने आळीभर सांगितलं की आमच्या ह्यांची नजर पोरासारखी आहे. आता ती सुईत दोरा ओवायलाही मलाच बसवते.

तर काळजीचं कारण नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. कॉपी करणाऱ्या पोरांना तू कान धरून हेडमास्तरांपुढे उभं करायचीस. येत्या सोमवारी ये आणि माझा कान धरून मला त्या बाईंपुढे उभं कर. एकट्याने जायचा धीर होत नाही. भावजयीला गुडघा दाखवायला आले असं सांग.

आणखी एक. भाऊजींचा काळा कोट सोबत पाठवतोय. रात्री दिव्याखाली शिवला, दोन्ही बाह्या काळ्याच लावल्या आहेत असं मला वाटतं. तू जरा उजेडात धरून बघ. एखादी निळी निघाली तर सोमवारपर्यंत थांबू नकोस, मिळेल त्या गाडीने ये.