अक्काला जंगल दाखवणे

१ फेब्रुवारी
निश्चय पक्का. सोमलता अक्काला सिंहराजा अभयारण्याचं जंगल दाखवायचं. वय सदुसष्ट, बसच्या अपघातानंतर अकरा वर्षं व्हीलचेअरवर. बाकीचे दोघे भाऊ नुसते फोन करतात. करून दाखवणारा मी एकटा. प्लॅनिंग सगळं माझं. पोस्टात छत्तीस वर्षं काढली, एक पार्सल हरवलं नाही.
अक्काला कळवलं. म्हणाली, "मल्ली, तिथे रस्ता कसा आहे ते विचारलंस?" साठी उलटली तरी मी तिचा मल्लीच, धाकटा. हो म्हणालो. उद्या विचारणारच आहे.

९ फेब्रुवारी
लॉजचा नंबर एंगेज. राहू दे. धबधब्याचे फोटो पाहिले. पुढे अक्का आणि मी, मागे धबधबा. हॉलमध्ये लावण्यासारखा होईल. अक्का फोनवर घटपर्णीचं काहीतरी सांगत होती. किडे खाणारं झाड. शाळेत तीस वर्षं शिकवलं, प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही, वगैरे. धबधबाच बरा.
मंगलिका म्हणाली, "तिला काय बघायचंय ते विचारलंत का?" बायकोला प्लॅनिंगमधलं कळत नाही.

१४ फेब्रुवारी, दुपार
पोचलो. लॉजला सत्तावीस पायऱ्या. गाइड गुणपाल, त्याची बायको सुमना आणि स्वयंपाकघरातल्या दोघींनी खुर्ची वर नेली. मी सूचना दिल्या.
गुणपालने मला विचारलं, मिसना काय बघायचंय? मी म्हणालो, धबधबा. तेवढ्यात अक्का म्हणाली, "गुणपाल, माझे पाय चालत नाहीत. तोंड चालतं. मल्लीपेक्षा बरं चालतं." स्वयंपाकघरात हशा. मीही हसलो. मन मोठं लागतं.
तिने घटपर्णीचं नाव काढल्यावर गुणपाल म्हणाला, ती तर गाडीरस्त्याच्या कडेलाच आहे, सपाट रस्ता, दहा मिनिटं. धबधब्याच्या वाटेवर मुळं, चिखल, उतार. या खुर्चीने नको. कामचुकार माणूस.

१५ फेब्रुवारी, दुपारी दोन
धबधब्यालाच निघालो. अक्का नको म्हणत होती. मी म्हणालो, तुझ्यासाठीच तर एवढा आटापिटा केला.
अर्ध्या वाटेत खुर्चीचा ब्रेक फेल. गुणपाल पुढची वाट कशी आहे ते बघायला गेला होता. खुर्ची उतारावर सुटली. अक्काने दोन्ही हातांनी चाकं आवळून थांबवली. तळहात सोलले. मी धावत गेलो. धबधबा राहिला. घरी गेल्यावर खुर्चीवाल्यांना कडक पत्र लिहायचं.

दुपारी चार
गुणपालने ब्रेक तपासला. दोनदा. अदबीने म्हणाला, "ब्रेक उत्तम आहे, महत्तया." मी म्हणालो, दमट हवेत होतं कधी कधी.

संध्याकाळ
ही वही दुसरं कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो.
ब्रेक मी लावलाच नव्हता. कानामागे जळू चिकटली. मी किंचाळलो आणि दोन्ही हात सोडले. जळू ओढून काढली, लांब फेकली, मग खाली पाहिलं. अक्का पाच-सहा हात खाली, एका बुंध्याला टेकलेली. ती ओरडली नव्हती. वर 'धावत गेलो' लिहिलंय, तेही खरं नाही. आधी दुसरा कान चाचपला.
'कामचुकार' हा शब्दही खोडायला हवा.
उद्या चहाच्या आधी कबूल करायचं. गुणपालसमोर.

१६ फेब्रुवारी, सकाळ
चहा झाला. चहाच्या आधी जमलं नाही.
अक्का म्हणाली, "आज मी गुणपाल-सुमनाबरोबर जाते." मी लगेच म्हणालो, नाहीतरी माझं पोट जरा बरं नाही. पोट ठणठणीत आहे. व्हरांड्यातून पाहत होतो. खुर्ची सुमना ढकलत होती. दर थोड्या वेळाने वाकून विचारत होती, "मिस, थांबू?" मी एकदाही विचारलं नव्हतं.

अकरा वाजता
परत आले. अक्का लांबूनच ओरडत होती, "मल्ली, अरे, घटपर्णीचं झाकण मी तीस वर्षं फळ्यावर चुकीच्या बाजूला काढत होते! एवढ्या मुलींना चुकीचं शिकवलं रे!" आणि हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. स्वतःची चूक सांगून कोणी इतकं खूश झालेलं मी पाहिलं नव्हतं.
हीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "फोटो काढलास का?"

१७ फेब्रुवारी, संध्याकाळ
माताऱ्याला घरी परत. दोघे भाऊ जेवायला आलेले. मंगलिकाने फणसाची भाजी केली होती. अक्काच्या तळहातांवरच्या पट्ट्या पाहून सगळे विचारायला लागले. अक्का म्हणाली, "मीच हौसेने जोरात चाकं फिरवली. मल्लीने सगळं छान केलं."
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता बोलायचंच, असं ठरवलं. बोललो. "मी तिला सांगत होतो, हळू म्हणून."
हे वाक्य माझंच.
अक्काने मान वर केली नाही. चमच्याने जेवत होती. ती कधीच चमच्याने जेवत नाही.

१८ फेब्रुवारी, सकाळ
मंगलिकाला सगळं सांगितलं, जळूपासून. म्हणाली, "काल तुम्ही दुसऱ्यांदा भात घेतला नाहीत, तेव्हाच समजलं. मला काय सांगता? तिला सांगा."
अक्काला फोन केला. "अक्का, ब्रेक फेल नव्हता," एवढंच बाहेर पडलं.
ती म्हणाली, "माहीत आहे. खुर्ची माझी आहे." मग म्हणाली, "भावांना तू सांग. मी एकदा खोटं बोलले तुझ्यासाठी. पुन्हा नाही बोलणार."
मी म्हणालो, पुढच्या वेळी मी नीट करीन, सगळं विचारून करीन. ती म्हणाली, पुढच्या महिन्यात ती आठवडाभर तिथेच जाते आहे. सुमनाशी बोलणं झालंय, पायऱ्या नसलेली खोलीही ठरलीय.
मी येऊ का, असं मी विचारलं नाही. ये, असं तीही म्हणाली नाही.

साडेदहा
भावांना फोन करायचा आहे. दोघांचे नंबर कागदावर लिहून समोर ठेवलेत. अक्षर चांगलं आलंय.