नकाशातली मोकळी जागा

आबा, तुम्हाला लिहायचं मी किती दिवस टाळत आलो. ही वही घेतली आळेफाट्याला, गॅरेजात ट्रकचे पाटे बदलायला शिकत होतो तेव्हा. पहिल्या पानावर एका ड्रायव्हरचा नंबर आहे, दुसऱ्यावर त्यानं सांगितलेली वांग्याची भाजी. पुढं कोरी. माझं सगळं असंच, शाळा अर्धी, गॅरेज अर्धं. याच्या पायाला भिंगरी आहे, असं तुम्ही म्हणायचात. ती अजून आहे, आणि मला तिची लाज वाटत नाही.

आज लिहितोय, कारण तुमची एक रीत मी मोडली. जाणूनबुजून. मेंढरांचा तळ हलवायच्या सकाळी पालाचे दोर सोडायचे, खुंट्या उपटायच्या आणि प्रत्येक भोक मातीनं भरून टाचेनं दाबायचं. एकदा मी सशामागं पळालो आणि एक भोक उघडं राहिलं. मागून येणाऱ्या दुसऱ्या तळाच्या कोकराचा पाय त्यात मोडला. तुम्ही मारलं नाही. ते कोकरू माझ्या खांद्यावर देऊन त्यांच्या मुक्कामापर्यंत चालवलंत. "भोक बुजवल्याबिगर पाय उचलायचा न्हाई," एवढंच म्हणालात. ते कोकरू अजून मानेशी धडधडतं.

यंदा मी शहरात एका पुलाच्या मोजणीवर लागलो. यंत्रासमोर काठी धरून उभं राहायचं काम. नदीत एकही खांब न घालता पूल टांगायचा होता. काठावर उंच मनोरा, त्याच्या शेंड्यापासून पुढं पुलाला धरणाऱ्या तारा, आणि मनोरा पुढं ओढला जाऊ नये म्हणून मागं जमिनीत बांधलेल्या तारा. पूल आखणारे साहेब बाकीच्या पोरांना तीनदा समजावत होते, मला एकदा सांगताच कळलं. आपलं पालच की. मधे काठी, दोन्हीकडं ताण. फक्त मागच्या तारा धरणारा काँक्रीटचा ठोकळा आराखड्यात जिथं दाखवला होता, ती जागा आपल्या तळाची. तुमचा भाऊ मेंढरं घेऊन जाता-येता आजही तिथं दोन रात्री थांबतो. शहरात पाण्याजवळची तेवढीच जागा उरलीय. नकाशात तिच्यावर लिहिलं होतं, मोकळी जागा.

साहेबांना सांगितलं. माणूस वाईट नाही. आपण स्वतः चारदा फिरलो, एक खूण दिसली नाही, म्हणाले.

"सायेब, आमी नीट आवरून जातो म्हणून ती मोकळी दिसती."

ते नुसते हसले. नकाशा महिनाअखेरीला मंजुरीसाठी वर जायचा होता.

त्याच आठवड्यात चुलते परतीची मेंढरं घेऊन उतरले. निघताना भोकं उघडी राहू द्या म्हणून मी पाया पडलो. "लई शाना झालास," म्हणाले, "भोकं ठिवून जायाचं म्हंजी जेवल्या ताटात थुकायचं." एकेक बुजवून गेले. ते दिसेनासे झाल्यावर मी सगळी माती बोटांनी उकरली. खुंट्यांच्या प्रत्येक भोकात चुन्यानं रंगवलेली खुंटी ठोकली, प्रत्येकीवर काठी धरली. यंत्रावरच्या मुलीनं न विचारता एकेक ठिपका घेतला. नकाशात पालाचं रिंगण उमटलं, शेजारी मेंढरं कोंडायच्या जाळीचं. साहेबांनी ते पाहिलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणाले.

गेलो नाही. पण पश्चात्तापही नाही, आबा. कुणाचं जनावर त्या खुंट्यांना अडखळलंच, तर पुन्हा खांद्यावर वाहीन. दुसऱ्याची वाट साफ ठेवता ठेवता आपणच पुसलं जायचं, हे मात्र माझ्याच्यानं होणार नाही. तुम्ही आज हयात आणि समोर असतात तरी हेच बोललो असतो. बहुतेक जरा लांब उभं राहून.

गावाकडं, लोणीत चुलत्यांच्या ओट्यावर बसून लिहितोय. भोकं उकरल्याचं त्यांना सांगितलं त्याला पंधरा दिवस झाले, ते माझ्याशी बोलत नाहीत. भाकरी तेवढी पुढं सरकवतात. हे पान कुठं टाकायचंही नाही, वहीतच राहील, भाजीच्या मागं.

थांबा, दारात जीप आलीय. साहेब. बगलेत नकाशाची गुंडाळी. चुलत्यांना हात जोडून ते माझ्याकडं वळले, "दोरांच्या खुंट्या सगळ्या आहेत. मधला खांब कुठंय? त्याच्याशिवाय वरच्या लोकांना हे पाल म्हणून कसं दाखवू?"

चुलते माझ्याकडं बघतायत.

आबा, मधल्या काठीचं भोक उकरलं होतं मी. ते तुम्ही खणायचात. तेवढ्यात काही रोवायला हात धजला नाही. पुन्हा बुजवलं, टाचेनं दाबून.