कोरडा ठोका

दि. १४, बुधवार, दुपार

माझ्या लाडक्या ठमीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या लक्षात नसेल म्हणून सांगते, मी तुझी आजी. तुझ्या बापाची आई. दोन वर्षांत तू पत्ता हरवलास असं मला वाटलं होतं, पण पत्र बरोबर दाराशी आलं. म्हणजे पत्ता पाठ आहे, विसरलीस ती मलाच.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते माझ्यावरच गेलेत. हे पत्र शेजारच्या शिंपीणबाई लिहून घेतायत. मी त्यांना म्हटलं, "मी बोलते तस्संच लिहा, मधे ठिगळं लावू नका." त्या म्हणाल्या, "ठिगळं लावण्यावरच माझं पोट आहे, आजी."

तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचून दाखवलं. तुझ्या या अंधाऱ्या नाचगाण्याचं मूळ कुठलं, असं मासिकवाल्यानं विचारलं आणि तू त्याला लांबलांबच्या शहरांतली तळघरं नि बंद पडलेले कारखाने सांगितलेस. असतील बाई. आणि शेवटी हळूच लिहिलंस, "आजीलाच सोसलं नाही ते लोकांना कशाला ऐकवू? महिनाअखेरीला गाणी करायची सगळी यंत्रं मैत्रिणीला देऊन टाकते."

थांब. आधी मूळ ऐक.

खाली छापखाना, वर आपली खोली. आजोबा खाली मशीनवर, एकेक कागद हातानं आत घालायचे. मी वर छापलेल्या कागदांच्या घड्या घालायचे. जन्मभर अक्षरं दुमडली, एकाशीही ओळख झाली नाही. कोपऱ्यातली काळी खूण बघून सुलटं-उलटं ओळखायचं, बस. हात चालायचा तो ठोक्यावर. धड-खस, धड-खस. तुझी आई कामावर गेली की तू माझ्या मांडीवर, आणि तो ठोका चालू असेल तरच झोपायचीस. सुटीच्या दिवशी मशीन बंद, की तुझा भोंगा सुरू! मग मी तुझ्या पाठीवर तोच ठोका थापटत बसायचे, दिवसभर. मासिकवाल्याला हे सांग. तळघर कसलं डोंबलाचं, माडीवरचं मूळ आहे ते.

तू पाठवलेली तबकडी आम्ही ऐकली. पहिल्यांदा शिंपीणबाईंनी कान झाकले. दुसऱ्यांदा त्यांचा पाय आपोआप हलायला लागला. (हे लिहिताना त्या तोंड वाकडं करतायत.) तिसऱ्या गाण्यात मागे भुतं किंचाळतात, ती काढ. भुताला भ्यायला आम्ही काय कुकुली बाळं? ठोका नि त्याच्याखालचा तो जाड आवाज, एवढं पुरतं. अंधार त्यात आहेच, वरून काजळ कशाला फासतेस?

हवा इकडे बरी आहे. तुझ्या बापाचा खोकला गेला.

शिंपीणबाई विचारतायत, "आजी, संपवू का पत्र?"

लिहा हो, लिहा.

ठमे, कागद आत असला की त्या मशीनचा आवाज मऊ येतो. कागद नसला की कोरडा. आजोबा विडी ओढायला जायचे तेव्हा मशीन तसंच रिकामं फिरायचं, कोरडं. त्या दिवशी असाच कोरडा ठोका पडायला लागला. मी ऐकला. बराच वेळ ऐकला. नेहमीपेक्षा फार वेळ झाला, तेही कळलं. पण तू नुकती झोपली होतीस. उठले तर जागी होशील म्हणून मी बसून राहिले. खाली गेले तेव्हा ते मशीनपाशी पडले होते, आणि मशीन आपलं फिरतच होतं.

डॉक्टर म्हणाले, आधी बोलावलं असतंत तरी काही उपयोग झाला नसता. डॉक्टर भले होते.

दोन वर्षांपूर्वी तू मला तुझं गाणं ऐकवलंस. मधे सगळे आवाज विझवलेस आणि एकटा ठोका ठेवलास. कोरडा. मी उठून वायर उपटली आणि म्हणाले, "हे गाणं नव्हे, मढं आहे." तू पेटी भरलीस नि निघून गेलीस. खरं सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं की तुझ्या झोपेपायी आजोबा गेले. म्हणून ते गिळून टाकलं. सात महिन्यांची होतीस तू. तुला काही दोष लागत नाही. लागतो तो मला.

त्या गाण्यात खोट नव्हती, ठमे. ते फार खरं होतं. यंत्रं देऊ नकोस.

शिंपीणबाई नाक पुसतायत, म्हणून अक्षर हललंय. अंगठा माझाच.

तुझी,
उशिरा उठलेली आजी

ता. क. खायला काही पाठवायचं असेल तर केक पाठव. मऊ, साखर बेताची. पोस्टानं नको, शिळा होतो. कुणाच्या तरी हातानं पाठव, आणि ते माणूस चार दिवस राहील असं बघ.