सुक्या काठ्यांचा मांडव

मुंद्रा (कच्छ)
शनिवार, ८ मार्च २०२५

सौ. नेत्रावयनीस,

तुझा दीर विनेश याचा नमस्कार. पत्राच्या वरती अजून काय काय लिहितात ते शिकवायच्या आधीच मी शाळा सोडली, तेव्हा ते सगळं लिहिलंय असं समज. मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. सोनूला सांग, काकानं तिच्यासाठी आरशांचं काम केलेली पिशवी घेऊन ठेवलीय.

कुलदीप ड्रायव्हरनं तुझा डबा आणि आतली चिठ्ठी आज सकाळी दिली. डब्याचं झाकण सुटून जवळा त्याच्या केबिनभर झालाय. तो तळ्यातले गोडे मासे खाणारा माणूस, त्याला त्या वासाचं कौतुक नाही. "तुज्या वयनीला सांग, पुढच्या टायमाला जिवंत मासा पाठव, आपला आपण चालत तरी येईल," म्हणाला. तोच आज माल भरून परत निघतोय, सोमवारी उरणला पोचेल. पत्र तुझ्याच हातात द्यायचं, दुसऱ्या कोणाच्या नाही, असं त्याला बजावलंय. फोन का करत नाही ते तुला माहीत आहे. तुझा फोन नवरा म्हणून दादूसच उचलतो आणि स्पीकरवर लावून समोर बसतो.

इथं मला करमत नाही. ट्रेलर चालवतो, एक दिवस भुज, एक दिवस राजस्थान. दोन महिने झाले की वाटतं हे सोडून दुसरं काय तरी बघावं. आयस बोलायची ना, याच्या पायाला भिंगरी बांधूनच मी जन्माला घातला. पण इथं आपल्याकडच्यासारखी मिठागरं दिसली की गाडी हळू होते. पाय आपोआप ब्रेकवर जातो.

मळ्याचं वाचून बरं वाटलं. भेंडी, काकडी, शिराळी, कोपऱ्यात दुधी. उशीर झाला तर झाला. आपल्याकडं भात कापला की थंडीतच वाफे तयार होतात, आणि तुझे आता फाल्गुनात झाले, पण त्यात तुझी चूक नाही. मिठानं माती पांढरी पडली, कोंब पिवळे होऊन बसले, तू तळ्याचं गोडं पाणी हंड्यांनी आणून ती माती धुतलीस, पुन्हा पेरलंस. एवढं दुसऱ्या कोणी केलं नसतं. येसूबाई बांधावरून ओरडली म्हणे, "नेत्रा, शिमग्याला पेरतंस, मंग काकरी काय गणपतीला खावाची?" तिला सांग, व्हय, आणि तुला देणार न्हाय.

काकडीच्या मुळाशी जास्त पाणी ठेवू नकोस. शिराळीच्या वेलाचा शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटतात. हे तुला मी सांगतोय म्हणजे कमालच झाली.

आणि एक. होळीच्या राती मळ्यातल्या खोपटीत झोपायला जाऊ नकोस.

आता गरम व्हायला लागलं, साप बाहेर पडतात. सोनू लहान आहे. खाडीचे मच्छर असतात. होळीच्या दिवशी बाई पोरीला घेऊन मळ्यात झोपली तर लोक बोलतात. एवढी कारणं पुष्कळ झाली.

तू का जातेस ते मला कळतं. वेळेत लावलं असतं तर एव्हाना वेल वरपर्यंत चढले असते, आणि हिरव्या मांडवाला गावातलं एक पोर हात लावत नाही. पण वेल अजून वीतभर, आणि वर सगळा सुक्या काठ्यांचा मांडव. सुकी काठी म्हणजे होळीचीच. मी आणि दादूसनं लोकांची कमी लाकडं ओढलीत का? तुळशीरामकाकाचं बाकडं उचललं तेव्हा काका त्याच्यावर झोपलेला. त्याला अलगद खाली ठेवला, बाकडं नेलं. दुसऱ्या दिवशी काका शिव्या देत आला आणि त्याच राखेचं बोट कपाळाला लावून गेला. होळीच्या चोरीची तक्रार नसते. म्हणून तू राखायला बसणार. पण वयनी, काठ्या जाऊ देत. पोरांना तूच बोलावून दे. मी नव्या पाठवतो.

इथपर्यंत लिहून मी चहा पिऊन आलो. वाटलं, एवढ्यावर तू ऐकशील. मग वाटलं, तू ऐकणार नाहीस. सापाला तू कधी घाबरलीस? आणि लोकांना तर त्याहून नाही. उलट मला हसशील आणि गोधडी उचलून जाशील. म्हणून आता खरं लिहितो.

बुधवारी दादूसचा फोन आला होता. आधी गाडी कशी, पगार झाला का, असं. मग म्हणाला, "विन्या, यार्डवाल्याला हो बोलायचा का?" कंटेनर ठेवायचं यार्ड करणारा तो शेठ, तुला माहीत आहे. त्याला आपली सगळी जमीन पाहिजे, पण मळा सोडून नको, कारण रस्ता मळ्याला लागून आहे. मी बोललो, "मळा आयसनं वयनीला दिलाय. दोघांच्या समोर बोलली ती. भात पोरांचा, मळा नेत्राचा."

"आयस कागदावर बोलली काय?"

"वयनीला विचार."

"तिला काय विचारायचा? जमीन खारी झाली की ती आपसूक गप बसंल. निम्मी झालीच हाय."

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं सांगितलं, हसत सांगितलं, लहानपणी चोरीचं सांगायचा तसं. आपल्या खाडीच्या बांधात पाणी जायला उघाडी ठेवलीय, तिला लाकडी झडप आहे ना, ओहोटीला आपोआप उघडते, शेतातलं पाणी खाडीत सोडते, आणि भरती आली की पाण्याच्या दाबानं बंद होते. त्या झडपेच्या फटीत तो जानेवारीपासून लाकडाचा तुकडा घालतो. भरतीला खाडीचं पाणी थोडं थोडं मळ्यात येतं. तू उठायच्या आत जाऊन तुकडा काढतो. तू हंड्यांनी माती धूत होतीस, आणि तो परत खारी करत होता. तुला उशीर झाला न्हाय वयनी. तुझा उशीर दादूसनं केलाय.

पुढं बोलला, "पन ती बाई हटत न्हाय. पुन्यांदा पेरलान. आता होळीच्या उधाणाला अख्खी झडपच उचलून बांधतो. गाव सगला होळीवर असल. एका भरतीत काम."

मी बोललो, असं करू नको. तो बोलला, तू हो बोल. मी न्हाय म्हणून सांगितलं. त्यानं फोन ठेवला. तेव्हापासून माझा फोन लागत नाही, त्यानं माझा नंबर ब्लॉक करून टाकला असणार. तुझ्या फोनवर पण लागत नाही.

तुला खरं सांगतो, बुधवारी मला एवढंच वाटलं की मळा जाईल. वाईट वाटलं, पण शेवटी मळा आहे, घर तर नाही. आज तुझी चिठ्ठी वाचली आणि आधी खोपटी आठवली.

खोपटी उघाडीच्या समोरच आहे. सगळ्यात खोलगट जागा ती. होळीची भरती मध्यरातीची, पौर्णिमेचं उधाण, ढोल वाजत असणार, पाण्याचा आवाज कोण ऐकणार? दादूसला वाटत असेल घोट्याएवढं पाणी येईल. उधाणात झडप उघडी राहिली की कडेची माती सुटते आणि बांधालाच खांड पडून तो फुटतो, मग खाडीच आत येते. बाबांनी पाहिलेलं ते. दाव्याला बांधलेली म्हैस होती, सकाळी दावं तसंच खुंट्याला होतं आणि म्हैस दुसऱ्या टोकाला पाण्याखाली. बाबा ती गोष्ट सांगायचे तेव्हा दादूस माझ्या बाजूलाच बसलेला असायचा. त्याला ठाऊक आहे.

गावात कोणाला सांगितलं नाही. येसूबाईला फोन करणार होतो, पण तिला एक सांगावं तर गावाला चार कळतात. एकट्या आपल्या शेताचा बांध नाही तो. झडपेला दादूसनं हात लावलाय हे कळलं तर लोक त्याला उघाडीच्या खांबाला बांधून मारतील. काही झालं तरी मला ते बघवणार नाही.

कुलदीपच्याच गाडीत बसून येणार होतो. पिशवी पण भरली. मग वाटलं, मी दारात दिसलो की दादूस समजून जाईल. होळीला काही करणार नाही. दुसऱ्या कुठल्या तरी राती करेल, आणि ती रात आपल्याला माहीत नसेल. ही निदान माहीत आहे.

आता जे लिहायचं नव्हतं ते. सकाळपासून टाळतोय.

तुझ्या चिठ्ठीत खाली, सोनूच्या खोकल्याच्या पुढं, तू सहज लिहिलंयस, "ह्यांना काल सांगितलं, होळीच्या राती मी न सोनू मळ्यातच झोपणार. काय बोलले न्हाईत. अजून थोडा भात वाढ, म्हणाले."

चिठ्ठीवर तारीख शुक्रवारची आहे. काल म्हणजे गुरुवार. मला फोन केला त्याच्या दुसऱ्या दिवशी.

दादूस जेवताना टीव्ही बघतो. त्यानं ऐकलं नसेल. पावसात शाळेला जाताना मला खांद्यावर घ्यायचा, स्वतः गुडघाभर चिखलात, आणि मी वरून त्याचे केस धरायचो. तो माणूस असं ऐकून भात मागणार नाही. त्यानं ऐकलं नसेल, वयनी. मी हे लिहितो आणि परत चिठ्ठी उघडून बघतो, की टीव्ही चालू होता असं तू कुठं लिहिलंयस काय. लिहिलेलं न्हाय.

तेव्हा असं कर. हे पत्र चुलीत घाल. मग तो जेवायला बसला की टीव्ही बंद कर. समोर बस आणि पुन्हा सांग. सोनूचं नाव घेऊन सांग, मी आणि सोनू होळीच्या राती खोपटीत झोपणार. बाकी एक अक्षर बोलू नकोस. त्याच्या तोंडाकडं बघ.

तो ओरडला, शिव्या दिल्या, ताट फेकलं, "न्हाय जायाचा" बोलला, तर घाबरू नकोस. जेवढा जास्त ओरडेल तेवढं बरं. मग मळा गेला तरी चालेल. आपण दुसरीकडं लावू, पुढच्या वर्षी वेळेत लावू, मी स्वतः येऊन वाफे खणतो.

पण तो खाली बघून जेवत राहिला, तर तू पण काही बोलू नकोस. वाढ त्याला भात. भांडी घास. सकाळी सोनूला शाळेत सोडते म्हणून निघ आणि तशीच पेणला माहेरी जा. कपडे घेऊ नकोस. होळीची वाट बघू नकोस. तिथून कोणाच्याही फोनवरून मला नुसती रिंग दे, मी गाडी असेल तिथं सोडून निघतो.

अजून तरी तुम्हा दोघांचा,
विनेश