सगळे तळलेलंच मागवतात

उराहामा बंदर,
१९ मार्च

चि. सौ. सायोको हिस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या माहेरी सगळे बरे असतील. इथे थंडी हटता हटत नाही. गुडघे बोलतात, मी ऐकत नाही, असं आमचं चाललंय. खानावळीत दहा गिऱ्हाइकं आली तरी हल्ली लग्न उरकल्यासारखी दमते.

तेत्सुया पहाटे बोटीवर जातो, येतो, जेवतो, झोपतो. तुझं नाव काढत नाही. मीही नवऱ्याबायकोत पडत नाही. साके दारूचा नवा माल आलाय. तोकुमात्सु आजोबा रोज कोपऱ्यात बसून सरकारला शिव्या घालतात. एकंदरीत ठीक.

ठीक कसलं डोंबल! तीनदा हे पत्र फाडलं. आता लिहूनच टाकते.

डिसेंबरात तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "आई, या बांगड्याला वास येतोय, देऊ नका." आणि मी भर गिऱ्हाइकांत खेकसले, "तू जन्मायच्या आधीपासून मासे कापतेय मी! एवढं नाक असेल तर माहेरी जाऊन हुंगत बस!" तू एप्रन सोडलास आणि गेलीस. तेत्सुयाला मी सांगितलं, तुझ्या बायकोने चारचौघांत माझी लाज काढली. त्याने आईचं ऐकलं.

तू खरं बोलत होतीस. मला तेव्हाच कळलं होतं. ऑक्टोबरातल्या तापानंतर माझं नाक गेलंय, सायोको. मासळी, साके, करपलेला भात, कशाचाही वास येत नाही. लोक आपल्याकडे येतात ते कच्च्या मासळीसाठी. हे सांगणार कुणाला? डोळ्यांनी बघून, बोटाने दाबून रेटत होते. तो बांगडा असाच अंदाजाने कापला होता.

काल आजोबांनी पुन्हा तळलेलं म्हाकूळ मागितलं. मी सहज म्हटलं, "काय हो, यंदा सगळ्यांना तळलेलंच हवं! कच्चे काप कुणी मागतच नाही. थंडी बाधली की काय?"

मग आजोबा म्हणाले, "बाई, तळलं की पोटाला भीती नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"डिसेंबरपासून."

"मग तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

"एक जण बोलली होती. तिचं काय झालं ते बघितलं ना आम्ही."

ओट्याला धरून रडले मी. लाज वाटली, आणि हलकंही वाटलं, खोटं कशाला बोलू. तेत्सुया मागे पेट्या रचत होता. त्याला हाक मारली आणि सगळ्यांदेखत खरं काय ते सांगितलं.

आज तो बोटीवर गेला नाही. हे पत्र घेऊन तोच दुपारच्या बसने येतोय. त्याच्यावर हवी तेवढी चिड, पण दारात उभं ठेवू नकोस. त्याने आईवर विश्वास ठेवला, एवढीच त्याची चूक.

खानावळ बंद ठेवलीय. आलीस तर मासळी तू निवडशील, तूच कापशील. तू नको म्हटलंस की नको. मी भांडी घासेन. नाही आलीस तर पाटी उतरवेन, तुला बोल लावणार नाही. सबंध बंदरात मला तोंडावर खरं सांगणारी तू एकटी होतीस, आणि तुलाच मी दार दाखवलं.

म्हणू दिलंस तर, तुझी आई,
हात्सुए