दादाला सगळं सांगताना

७ जानेवारी, शनिवार

एकटाच गेलो. फॉर्म दादानंच भरले होते, दोघांचेही, मला न विचारता. वाचनालयाचा वरचा मजला, दर शनिवारी सकाळी, बारा आठवडे – विश्वाच्या आरंभापासून माणसापर्यंत. मी म्हटलं होतं, मी कवळ्या बनवणारा माणूस, माझ्या डोक्यात काय शिरणार? तर म्हणाला, नाही शिरलं तर शेजारी मी आहेच की. आणि गेल्या महिन्यात त्यालाच झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून बसलो.

शिकवणाऱ्या बाई कॉलेजातून निवृत्त झालेल्या. आवाज बारीक, पण खणखणीत. म्हणाल्या, तुमच्या दातांतलं कॅल्शियम कुठल्याशा ताऱ्यात तयार झालंय. पस्तीस वर्षं दात घासूनपुसून बसवतोय, कुणी सांगितलं नव्हतं! पुढचा अर्धा तास काही ऐकू आलं नाही. माझ्या नखांत अडकलेलं प्लास्टर बघत बसलो.

८ जानेवारी

दादाकडे गेलो. वहिनी सांगत होत्या, ह्यांना कितपत कळतंय ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. कालच्या तासाचं ह्याला सांगू का, विचारलं तर म्हणाल्या, "बोला ना भाऊजी. घरात आवाज असलेला बरा."

मग खुर्ची ओढली आणि सांगितलं. आधी काहीच नव्हतं, मग एकदम सगळं होतं, पण धुरकट. दादा खिडकीकडे बघत होता. मध्येच तोंडाच्या कडेनं लाळ आली, ती पुसली आणि पुढे सांगितलं.

२१ जानेवारी, शनिवार

चंद्र आपल्यातूनच फुटून निघाला म्हणे. मंगळाएवढं काहीतरी येऊन आदळलं, आणि उडालेल्या तुकड्यांचा चंद्र झाला. तेव्हा तो आत्तापेक्षा खूप जवळ होता. घरी येताना भर दुपारी आकाशात फिकट चंद्र दिसला. चौकात उभा राहिलो. मागच्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली, तेव्हा भानावर आलो.

५ फेब्रुवारी

आज दादाला समुद्र सांगितला. पाण्यात लोखंड विरघळलेलं, वर हवेत श्वास घेण्यासारखं काही नाही. मग डोळ्यांना दिसणार नाहीत असे जीव प्राणवायू सोडायला लागले आणि समुद्राला गंज चढला. तो तळाशी बसत गेला, कोट्यवधी वर्षं. आपली कात्री, किल्ली, पलंगाचा गज, बरंचसं त्यातलंच. सांगता सांगता माझा हात त्या गजावर होता. गार लागला. मी थांबलो तरी समुद्र खोलीत हलतोय असं वाटत राहिलं.

१२ फेब्रुवारी

दादा झोपलेला होता. तरी सांगितलं.

२५ फेब्रुवारी, शनिवार

आज पहिल्यांदा हात वर केला. बाई माशांच्या जबड्यांवर आल्या होत्या. विचारलं, दात जबड्याच्या आधी आले की नंतर? बाई म्हणाल्या, अजून भांडण मिटलेलं नाही, पण प्रश्न झकास आहे. छाती दोन इंच फुगली. संध्याकाळी वहिनींना सांगितलं, तर त्या हसल्या. दिवसभर माणसांचे दात, आता माशांचेही, म्हणाल्या. झटक्यानंतर त्यांना हसताना आजच पाहिलं.

१८ मार्च, शनिवार

पुढचा तास शेवटचा. बाईंनी घरचा अभ्यास दिला. अवघा इतिहास म्हणजे वळणं, ताऱ्यांचं, पाण्याचं, विस्तवाचं. आता तुमच्या घरातलं एक वळण लिहून आणा, ज्याच्यामुळे तुम्ही आज इथे बसला आहात.

माझं वळण मला ठाऊक आहे. लिहिणार नाही.

२५ मार्च, शनिवार

कोरा कागद घेऊन गेलो, तसाच परत आणला. बाईंनी प्रमाणपत्रं वाटली. दादाच्या नावाचंही होतं, मीच मागून घेतलं.

२६ मार्च

सांगून टाकलं.

मी सोळाचा, तो बावीसचा. वडील नव्हते, आई अंथरुणाला खिळलेली. दादा छापखान्यात, आणि सुट्टी मिळाली की टेकड्यांवर दगड गोळा करत हिंडायचा. एकदा भूगर्भ खात्याच्या एका साहेबांची त्याच्याशी गाठ पडली. त्यांनी घरी येऊन त्याचे दगड पाहायचं कबूल केलं होतं. ते आले तेव्हा दादा आईचं औषध आणायला गेलेला. दार मी उघडलं. ते म्हणाले, दोन वर्षं माझ्या तुकडीबरोबर पाठवा, काम शिकवीन, पुढे शिक्षणाचंही बघू. दादा गेला तर आईपाशी मी एकटा.

म्हटलं, "तो नाही यायचा. त्याला त्यातलं काही करायचं नाहीये."

त्यांनी खिडकीतल्या दगडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि गेले. मी बेचाळीस वर्षं ताकास तूर लागू दिली नाही. दादा जन्मभर छापखान्यात राहिला.

हे सगळं आज त्याच्या तोंडावर बोललो. हेही म्हटलं, "तुला कळत नसेल म्हणूनच सांगतोय, दादा. यात माझी काही बहादुरी नाही." त्यानं डोळे मिटून घेतले. वहिनी चहा घेऊन आल्या, तोवर माझा चेहरा पुसून झाला होता.

३० मार्च, गुरुवार

वहिनींचा फोन लॅबमध्ये आला. ह्यांना शब्द फुटायला लागलेत, म्हणाल्या, तुम्हालाच बोलवतायत. हातातला साचा तसाच टाकून धावलो. दादानं डाव्या हातानं जवळ ओढलं. एकेक शब्दाला किती वेळ लागला!

"साहेब... भेटले होते. त्याच दिवशी... स्टँडवर. मीच... नाही म्हटलं."