समुद्रमाहात्म्याचं पारायण

श्रावण शु. १, रविवार, शके १८५५

पकडले गेले! आणि सुटलेही — पण कशी सुटले ते लिहूनच ठेवते.

दुपारी मामंजी पुढं सुताच्या दुकानात होते, सासूबाई (मी त्यांना आत्याबाईच म्हणते) लवंडल्या होत्या. मी देवघराच्या कोपऱ्यात पुस्तक काढून बसले. ह्यांनी वाचनालयातून आणलेलं, समुद्रावरच्या धाडशी प्रवासांचं. त्यात मॅगेलन म्हणून एक नाखवा आहे. चारशे वर्षांपूर्वी स्पेनहून पाच जहाजं घेऊन निघाला, पृथ्वीला पहिला वळसा पडला तो त्याच्या जहाजाचा! तो नुकता जहाजावर चढतोय, तोच मामंजी पाणी प्यायला आत! हाताशी पोथीचं तांबडं फडकं होतं. घातलं पुस्तक त्यात.

"काय वाचतीस गं?"

"पोथी."

"कुठली?"

तोंडातून निघून गेलं — "समुद्रमाहात्म्य."

सुंदरम्मा वन्सं लग्नाआधी गोष्टींची पुस्तकं वाचायच्या. मामंजींनी एके दिवशी सगळी बंबात घातली आणि त्याच पाण्यानं आंघोळ केली! हे मला ह्यांनीच सांगितलंय. उद्या माझं पुस्तक सापडलं तर तेही बंबात, आणि ह्यांचं वाचनालय कायमचं बंद. मग मी या घरात दिवसभर करू काय? लडी सोडवत बसू? नाही नाही, मला नाही जमायचं.

पण मामंजी भलतेच खूष झाले. "समुद्रमाहात्म्य! कधी ऐकलं न्हवतं. श्रावण लागलाय, एकटीनं काय वाचतीस? उद्यापासनं वसरीवर बसून मोठ्यानं वाच. पेठेतल्या बाया येतील. मीबी दुकानातनं ऐकीन."

मेले!

श्रावण शु. २, सोमवार

हे कचेरीला जाताना म्हणाले, "दोन दिवस वाच आणि सोडून दे." मिलमध्ये कारकुनी करतात, पण अक्कल अगदी बेताची. श्रावणात धरलेली पोथी मध्येच सोडतात का कधी? समाप्ती करावी लागते, फलश्रुती वाचावी लागते, प्रसाद करावा लागतो.

दुपारी पाट मांडला. फडकं असं पसरलं की पुठ्ठा दिसू नये. समोरच्या माडीवरची बजाबाई आली, मागच्या गल्लीतली काशम्मा आली. तिच्या घरी माग आहे, हातातली सुताची कांडी सोडत नाही. आत्याबाई माझ्या अगदी शेजारी, डाळ निवडत.

मी चार वाक्यं वाचली आणि दुकानातून आवाज आला, "चाल कुठं गेली? पोथीला वव्या असत्यात!"

आता आली का पंचाईत! डोळे मिटले आणि सुरू केलं —

पांच गलबतें सजलीं । शिडें वाऱ्यानें फुगलीं । मॅगेलनें आज्ञा केली । निघा म्हणूनी ॥

बजाबाईनं हात जोडले. पुढचं सगळं गद्यच, पण ओवीच्या चालीत ओढून ओढून म्हटलं. "पिपांत खारें मांस भरलें" हे आलं तेव्हा पटकन "खारे शेंगदाणे" केले. शेवटी "इति श्रीसमुद्रमाहात्म्ये प्रथमोऽध्यायः". बाबा शाळामास्तर, त्यांनी शिकवलेलं संस्कृत असं कामी आलं. कळलं तर मला पुन्हा अक्कलकोटच्या घरात पाऊल टाकू देणार नाहीत.

श्रावण शु. ५, नागपंचमी

आज चिरणं-तळणं नाही, म्हणून बायांना वेळच वेळ. ओसरी भरली. मॅगेलन कुणाच्या तोंडात बसेना. काशम्मा म्हणते मगलन्ना, बजाबाई म्हणते मंगळ्या. शेवटी आत्याबाईंनी निकाल दिला — "मगलप्पा." झालं! त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, चारशे वर्षांनी भवानी पेठेत आपलं बारसं व्हायचंय म्हणून!

सगळ्या गेल्यावर आत्याबाईंनी हळूच विचारलं, "समुद्र म्हंजे सिद्धेश्वराच्या तळ्यापरीस मोठा?"

"खूपच मोठा. पलीकडचा काठ दिसत नाही."

"मग काठ हाय हे कसं कळतं?"

मी तरी कुठं पाहिलाय! झोपताना ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "आता झोप."

श्रावण शु. १०

कठीण अध्याय. मोठा समुद्र, वारा आहे पण जमीन काही दिसत नाही, अन्न संपलेलं. जहाजाच्या काठीवरचं कातडं समुद्रात भिजवून, भाजून खाल्लं — हे वाचलं. काशम्मा "अय्यो, अय्यो" करत होती. पुढच्या ओळीत उंदीर! ते पकडून विकत होते आणि खात होते. गणपतीच्या वाहनाचं हे असं कसं वाचायचं? मी जरा अडखळून म्हटलं, "उंदरांसही उपास घडला."

आत्याबाईंनी डाळीतला हात थांबवला, माझ्याकडं बघितलं, परत निवडायला लागल्या.

दुकानात एक विणकर सूत घ्यायला आलेला. मामंजी त्याला म्हणाले, "थांबा वाईच, जहाज अडकलंय!" तो बिचारा पेढीवर टेकून जहाज सुटेपर्यंत बसला.

नारळी पौर्णिमा

बजाबाईनं पोथीपुढं नारळ फोडला. पाणी उडालं ते थेट पुस्तकातल्या नकाशावर. आफ्रिका फुगली.

श्रावण व. ३

आज मगलप्पा मेला.

तीन दिवस मी हे पान टाळत होते. उगाच वारा पडला, शिडं फाटली, असल्या ओव्या रचत बसले. आज इलाज नव्हता. एका बेटावरच्या लोकांशी लढाई झाली, गुडघाभर पाण्यात भाले लागून पडला. वाचता वाचता माझी चाल सुटली. बजाबाई तर पदर तोंडात घालून रडायला लागली. आणि मामंजी हातात तराजू तसाच घेऊन आत आले!

"मेला? पोथीत? आन् पृथ्वीची प्रदक्षिणा?"

मला वाटलं, संपलं सगळं. आता फडकं ओढतात आणि बघतात. पाट दोन्ही हातांनी घट्ट धरला.

पण बजाबाई डोळे पुसून म्हणाली, "मालक, मरंल न्हाई तर काय हुईल? पिरथिमी म्हंजे पिंडच की! मधी जमीन, भवती पानी. म्हादेवाची परदक्षिणा अर्धीच असती. सोमसूत्रापातुर, म्हंजे पिंडीचं पानी व्हातं तितवर, जायाचं आन् आल्या वाटंनं माघारी यायचं. ह्यो शहाना वलांडून गेला!"

मग सगळ्याच माना डोलवायला लागल्या. व्हय की! अर्ध्यावरनं परतायचं होतं त्यानं! मामंजींनी तर तराजू खाली ठेवून बजाबाईला हात जोडले. "आता उलगडा झाला," म्हणाले, आणि गिऱ्हाइकाला जाऊन तोच अर्थ आपला म्हणून सांगितला.

मी पुस्तक चाळून बघितलं. खरंच की, अर्ध्याच्या पुढं थोडासा गेला होता तो!

श्रावण व. १०

एकच जहाज परत येतंय, अठराच माणसं उरलीत. वाटेत एका बंदराला लागले तर त्यांच्या हिशेबानं बुधवार आणि बंदरातल्या लोकांचा गुरुवार! पृथ्वीला वळसा घालताना एक वार कुठं हरवला ते त्यांना कळेना. ते रोज नीट टिपत आले होते.

ओसरीत हलकल्लोळ! "मंजी त्यांचे सोमवार चुकले?" "उपास भलत्याच दिवशी घडले?" काशम्मा गालावर मारून घ्यायला लागली. मी म्हटलं, त्यांनाही तसंच वाईट वाटलं, म्हणून घरी पोचल्यावर हातात मेणबत्त्या धरून अनवाणी देवळात गेले. हे मात्र माझ्या पदरचं नाही, पुस्तकातलंच आहे! बायांचा जीव भांड्यात पडला.

मामंजींचा नाही पडला. ते पंचांग घेऊन बसलेत. जेवताना ह्यांना विचारलं, "मावळतीकडं गेलं की वार हरवतो, व्हय?" हे माझ्याकडं बघत भाकरी चावत राहिले.

श्रावण अमावास्या, सोमवार

आज समाप्ती. त्यात ग्रहण, त्यात सोमवती. सुटल्यावर आंघोळी करून सगळ्याजणी आल्या. पाटाला केळीचे खांब! मामंजी दुकान बंद करून पुढं येऊन बसले. दुकान बंद! या घरात आल्यापासून मी हे कधी पाहिलं नव्हतं.

पुस्तक तर संपलं. फलश्रुती कुठून आणू? सगळे हात जोडून बसलेले. शेजारी आत्याबाई. त्यांच्याकडं नजर गेली आणि तो काठाचा प्रश्न आठवला. लग्न होऊन या घरात आल्या त्याला तीस वर्षं झाली, तुळजापूर सोडून कुठं गेल्या नाहीत. मामंजींना दुकान सुटत नाही म्हणून. माझ्या अंगात कुठून आलं कुणास ठाऊक, पण म्हणून गेले —

जो हें माहात्म्य ऐके श्रवणीं । तेणें सपत्नीक जावोनी । समुद्र पाहावा नयनीं । एकवार ॥

न पाहतां जो राहे घरीं । दुकान सोडीना क्षणभरी । पुण्य जाय तयाचें परी । वाऱ्यावरी ॥

"दुकान असं लिहिलंय?" मामंजी म्हणाले.

"हो, मामंजी."

बजाबाई कशाला सोडते! "मालक, महिनाभर ऐकलंसा. आता वाऱ्यावर सोडता व्हय?"

मामंजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. शेवटी म्हणाले, "दसरा झाला की गोकर्णाला जाऊ. तितं म्हादेव बी हाय आन् समुद्र बी हाय."

आत्याबाईंनी प्रसादाचा शिरा मला दोनदा वाढला. मी इतकी खूष, इतकी खूष! आणि तेवढ्यात मामंजींनी पाटावरची पोथी फडक्यासकट उचलली, तशीच बांधली आणि दोऱ्याची गाठ मारली. सुताच्या गठ्ठ्याला मारतात ती, दुसऱ्या कुणाला सुटत नाही.

"ही देवघरात राहील. गोकर्णाला संगं न्यायची. समुद्रात आंघोळ करून, काठावर बसून मी सोता वाचणार."

भाद्रपद व. ४

वाचनालयाचा माणूस ह्यांना दोनदा गाठून गेला. हे आता तिकडची वाटच टाळतात, सात रस्त्यावरून वळसा घालून घरी येतात. ह्यांचीही प्रदक्षिणाच.

मामंजी सूत घ्यायला गेले तेवढ्यात मी त्या गाठीशी अर्धा तास झटले. घरातली खरी पोथी आत घालायची आणि पुस्तक काढायचं, एवढंच. नखं तुटली, गाठ हलेना. मागून आत्याबाईंनी हातावर चापट मारली.

"देवघरातल्या वस्तूला हात लावू नको. ठेव तशीच!"

त्यांना काय सांगू? भोळ्या आहेत बिचाऱ्या.

आश्विन शु. १२

गेले! हे स्टेशनवर सोडून आले. हुबळीपर्यंत आगगाडी, पुढं मोटार. पोथी मामंजींच्या छातीशी. गळ्यात सुताचा दोरा, रोज सकाळी एक गाठ मारायची, म्हणजे वार हरवायला नको. आत्याबाईंनी नवं इरकल लुगडं नेसलं होतं. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "रडतीस कशाला? आम्ही सोमसूत्र वलांडणार न्हाई."

मी त्यांच्यासाठी रडत नव्हते. माझ्यासाठी रडत होते! गोकर्णाला आंघोळ होईल, गाठ सुटेल आणि पहिल्याच पानावर वाचनालयाचा शिक्का. मग परत येऊन बंब पेटेल.

आश्विन शु. १५

पेटी भरून ठेवली. धाडलंच अक्कलकोटला तर धावपळ नको. हे म्हणतात, "मी सांगेन, पुस्तक माझं आहे." सांगताना आवाज इतका बारीक की मलाच जेमतेम ऐकू आला.

आश्विन व. ५

आले! मामंजी उन्हानं काळे पडलेत. टांग्यातून उतरल्या उतरल्या ओरडले, "वार बरोबर हाय! गाठी जुळल्या!" मी दारामागं उभी.

"सूनबाई, पोथी सार्थकी लागली!"

मग सगळ्या पेठेला सांगितलं. समुद्रात आंघोळ करून ते गाठ सोडायला बसले, तर आत्याबाई म्हणाल्या, समुद्राची पोथी समुद्राला अर्पण करायची असती. नारळी पौर्णिमेच्या अध्यायात तसं आलंय. मामंजी म्हणाले, मी न्हाई ऐकलं. त्या म्हणाल्या, "तवा तुमी गिऱ्हाईक बघत हुता." मग मामंजींनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, नारळासकट, दोन्ही हातांनी पोथी सोडली.

मी दोन्ही हात जोडले. मामंजींना वाटलं, भक्तीनं. हे मात्र पांढरेफटक पडले, वाचनालयात आता काय सांगणार? मगलप्पा अखेर बुडाला म्हणून?

आश्विन व. ६

सकाळी चुलीपाशी आम्ही दोघीच होतो. आत्याबाई भाकरी थापत होत्या.

"पोथीची पानं सुटी असत्यात गं, वर उलटत्यात. तू पहिल्या दिवसापासनं बाजूला उलटत हुतीस."

मी चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारलं.

"सुंदरीची पुस्तकं बंबात गेली तवा मी नुसती बघत बसले. विस्तवातनं काढता आली न्हाईत." भाकरी उलटली. "समुद्राला काठ न्हाईच हाय. मी लई बघितलं."

मला रडूच फुटलं. त्यांनी पिठाच्या हातानं माझा गाल पुसला, तोही पांढरा झाला.

"आता दुसरी आण. आन् ह्या खेपेला उंदीर गाळू नको."